मेळघाटला कसं जायचं?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. माझं इंजिनिअरिंग अमरावतीला झालं, त्यामुळे हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर विदर्भातल्या कुठल्याही गोष्टीचा सपोर्ट माझ्याकडेच येतो. लाँग वीकेंड जवळ आला की कुणीतरी विचारतंच, "मेळघाटला जायचंय, कसं जायचं? आणि पहिल्यांदाच जातोय, तर काय काय बघायचं?"

सरळ उत्तर दोन ओळींचं आहे. मुंबईहून अमरावती एक्स्प्रेस पकडा किंवा बडनेऱ्याला उतरा, तिथून अमरावती, मग परतवाडा, मग घाट. एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवाही सुरू झाली. झालं. पण हे उत्तर दिलं की मला दर वेळी काहीतरी अर्धवट सांगितल्यासारखं वाटतं. कारण मेळघाटातला प्रत्येक रस्ता कुणीतरी, कधीतरी, एका ठरावीक कामासाठी काढलाय, आणि ते काम माहीत नसेल तर रस्त्याच्या टोकाला काय बघायचं हे कळत नाही. आपल्याकडे नवीन प्रोजेक्टवर जुना कोड हातात येतो ना, एकही कॉमेंट नसलेला, तसंच. चालतोय तर छान, पण असा का लिहिलाय हे विचारायला कुणी शिल्लक नसतं.

तर आज त्या कॉमेंट्स लिहायचा प्रयत्न.

आधी थोडा भूगोल. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची जी शाखा आहे तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. मेळघाट, म्हणजे घाटांचा मेळ. एक डोंगर उतरावा, नदी ओलांडावी, की पुढे दुसरा हजर. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या इथून निघून तापीला मिळतात. जंगल शुष्क पानझडीचं, सागाचं आणि बांबूचं. एप्रिलमध्ये गेलात तर सगळं करडं, वाळलेलं दिसेल आणि ऑगस्टमध्ये गेलात तर तेच जंगल ओळखू येणार नाही. इथले मूळ रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे, म्हणजे तिची नातलग संथाळी आणि मुंडारी. या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा ती हीच. त्यामुळे "पहिल्यांदा मेळघाट कुणी शोधला" वगैरे वाक्यं कुठे वाचलीत तर जरा जपून. लोक तिथे होतेच, वाटाही होत्या. फक्त त्या पायवाटा होत्या, आणि तोफ पायवाटेने जात नाही.

पहिला रस्ता: तोफांचा

मेळघाटात अवजड सामान नेण्याची जी जुनी हकीकत तारखांसकट मिळते ती डिसेंबर १८०३ ची आहे. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या आडगावला पुन्हा झाला, आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांचं उरलंसुरलं सैन्य गाविलगडात शिरलं. हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास बांधला, पुढे एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या इमादशाहीने तो मजबूत केला. दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीवरून पाहिलं तर सरळ उभा कडा. तिकडून हल्ला करणं जवळपास अशक्य.

मग आर्थर वेलस्लीने (हाच पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) असं ठरवलं की आपण दक्षिणेला बसून राहायचं आणि कर्नल स्टीव्हन्सनने डोंगराला वळसा घालून उत्तरेकडून यायचं. उत्तरेला किल्ला एका पठाराला जोडलेला आहे, तीच काय ती कमकुवत बाजू. पण तिथे जड तोफा न्यायला रस्ताच नव्हता. स्टीव्हन्सनचे सैनिक ७ ते १२ डिसेंबर असे पाच-सहा दिवस सुमारे ५० किलोमीटर डोंगरातून आधी रस्ता करत आणि मग त्यावरून हातांनी तोफा ओढत गेले. १२ च्या रात्री मोर्चे बांधायला सुरुवात झाली, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडलं, १५ डिसेंबरला सकाळी हल्ला. बाहेरचा कोट पडला, पण आतल्या किल्ल्याची भिंत तशीच उभी होती. कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी शिड्या लावून ती भिंत चढला, आतून दरवाजा उघडला आणि किल्ला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला.

विचार करा, ओडिशाचा किनारा कुणाकडे जाणार हे मेळघाटातल्या एका भिंतीवर ठरलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात याला किती ओळी होत्या?

गाविलगडला गेलात की सगळे शार्दूल दरवाज्यासमोर फोटो काढून परततात. तसं करू नका. दरवाज्यावरचं गंडभेरुंडाचं आणि सिंहांचं शिल्प बघाच, पण मग उत्तरेच्या तटावर जा आणि समोरच्या पठाराकडे बघा. आणि नंतर दक्षिणेच्या कड्यावर जाऊन खाली अचलपूरच्या सपाटीकडे बघा. दोन्हीकडे उभं राहिल्यावर १८०३ चं सगळं गणित पाच मिनिटांत कळतं, पुस्तक लागत नाही. १८५८ मध्ये तात्या टोप्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी या किल्ल्याची तटबंदी मोडली. त्यामुळे आज जी पडझड दिसते ती सगळीच काही काळाने केलेली नाही.

दुसरा रस्ता: थंड हवेचा

तहात भोसल्यांना परत मिळालेला गाविलगड १८२२ मध्ये निझामाकडे गेला. लगेच १८२३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटचा कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला आणि हे ठिकाण 'सापडलं' अशी नोंद झाली. आजूबाजूला गवळी, कोरकू राहत होते हे वेगळं सांगायला नको. अचलपूरच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांना वऱ्हाडचा उन्हाळा सोसवत नव्हता आणि वर सुमारे ११०० मीटरवर हवा थंड होती, एवढा साधा हिशोब. महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा, सगळ्यांची जन्मकथा थोड्याफार फरकाने हीच.

लोकांची कथा मात्र याहून जुनी आणि जास्त रंगतदार आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं झालं चिखलदरा. भीमकुंड दाखवतात, तिथे भीमाने हात धुतले म्हणे. जवळच वैराट आहे, गाविलगडच्या डोंगरांमधलं सगळ्यात उंच ठिकाण, त्याचं नातं विराट राजाशी जोडतात. विदर्भात कॉफी पिकते ती फक्त चिखलदऱ्याला, हेही जाता जाता.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पॉइंट्स बघतात, मक्याचं कणीस खातात, परत जातात. वाईट काही नाही, पण मग तुम्ही मेळघाटच्या गॅलरीत उभं राहून आलात, घरात गेलाच नाहीत.

तिसरा रस्ता: सागाचा

घरात जायचं तर परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी हा रस्ता. घटांगला फाटा फुटतो, एक चिखलदऱ्याकडे आणि एक सेमाडोहकडे. परतवाड्यात शिरताना आरागिरण्या आणि लाकडाचे ढीग दिसतात ते नीट बघा, कारण या रस्त्याचं कारण तेच आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निझामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वे, पूल, इमारती, सगळ्याला लाकूड हवं. मेळघाटचा साग अचानक मोलाचा झाला. मग वनखातं, राखीव जंगलं, गाडीरस्ते आणि दर मुक्कामावर एकेक रेस्टहाऊस. सिपनेच्या काठावरचं कोलकास, ढाकणा, चौराकुंड, रायपूर, हातरू ही नावं आज आपण 'स्टे' म्हणून बघतो. ती मुळात साहेबाच्या दौऱ्याच्या मुक्कामाची ठिकाणं. घोड्यावरून एका दिवसात जेवढं जंगल तपासून होईल तेवढ्या अंतरावर पुढचा बंगला, असा हिशोब.

झाडं तोडायला माणसं लागतात. म्हणून जंगलातच वस्त्या करवल्या, त्यांना वनग्राम म्हणायचे. शेतीला थोडी जमीन द्यायची आणि त्या बदल्यात खात्याच्या कामाला यायचं. मेळघाटातली काही गावं अशी वसलेली आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

चौथा रस्ता: रुळांचा

अचलपूरपर्यंत एक छोटी रेल्वे यायची, मूर्तिजापूरहून, नॅरोगेज, लाडकं नाव शकुंतला. ती कापसासाठी. ती डोंगरात गेलीच नाही. डोंगरात गेली ती मीटरगेज, अकोला-अकोट-खांडवा. उत्तरेतलं राजस्थान-इंदूरकडचं मीटरगेजचं जाळं आणि दक्षिणेतलं हैदराबादकडचं जाळं यांना जोडणारा दुवा म्हणून स्वातंत्र्यानंतर हा मार्ग बांधला. मधे डोंगर आल्यामुळे धूळघाटला रुळांना चक्क गोल वळसा देऊन स्वतःच्याच डोक्यावरून नेलंय. वान रोड नावाचं स्टेशन तर जंगलाच्या आत. जयपूर-सिकंदराबादला जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने जायची.

२०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेज करण्यासाठी गाड्या थांबल्या आणि भांडण सुरू झालं. कारण मधल्या काळात हे जंगल व्याघ्रप्रकल्प झालं होतं. जुन्या मार्गावरून दिवसाला चार-दोन हळू गाड्या जात होत्या, ब्रॉडगेज म्हणजे वेगवान गाड्या आणि मालगाड्या. वन्यजीववाले म्हणाले बाहेरून वळवा, काही प्रवासी संघटना म्हणाल्या जुना मार्ग आहे तोच रुंद करा. प्रकरण कोर्टात गेलं, २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही बाहेरच्या मार्गाच्या बाजूने रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं. शेवटी जंगलाबाहेरून वळसा घेणारा मार्ग पुढे आला. माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर झाला. पण एक गोष्ट बोचते. वाघासाठी रेल्वे वळवायची की नाही यावर राज्यभर चर्चा झाली, अग्रलेख आले. माणसांना हलवताना एवढा आवाज झाला होता का?

बंद झालेल्या वाटा

१ एप्रिल १९७३ ला देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, महाराष्ट्रातला पहिलाच. आज गाभा आणि बफर मिळून क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे, त्यातलं ३६१ चौरस किलोमीटर म्हणजे गुगामल राष्ट्रीय उद्यान. गाभा क्षेत्र मोकळं करायचं म्हणून साधारण २००० नंतर गावं बाहेर काढायला सुरुवात झाली. कुंड, बोरी, कोहा ही पहिली, नंतर वैराट, चुरणी, पस्तलई, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी यादी वाढत गेली. बरीच गावं अकोटच्या बाजूला सपाटीवर वसवली. पैसे दिले, काही ठिकाणी जमीन दिली. जिथून गावं उठली तिथे गवत वाढलं, हरणं आली, मागोमाग वाघ आला, हे खरं आहे. आणि जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतले काही लोक सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत जंगलात गेले आणि तिथे पोलीस-वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला, हेही खरं आहे.

गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो). एका शतकात याच माणसांना लाकूडतोडीसाठी जंगलात वसवलं, पुढच्या शतकात वाघासाठी जंगलातून उठवलं. रिक्वायरमेंट बदलली, युजरला कुणी विचारलं नाही.

मागच्या वेळी सफारीत आमच्याबरोबर कोरकू गाइड होता, वय बावीस-तेवीस. एका गवताळ मैदानात त्याने जिप्सी थांबवली. आम्ही सगळे कॅमेरे सरसावून वाघ शोधायला लागलो. तो म्हणाला, "इथं काही नाही दादा. इथं माझ्या आजीचं घर होतं." मोहाचं एक मोठं झाड दाखवलं, ते अंगणातलं. मी विचारलं, वाईट वाटतं का रे? तो म्हणाला, "आजीला वाटते. मला सरळ नोकरी भेटली. पण गेटवर आजीचं तिकीट लागते, ते बरं नाही वाटत." एवढंच. पुढे गाडी सुरू केली आणि अगदी व्यवसायाला साजेसं पगमार्क दाखवायला लागला.

अजून एक रस्ता, पायी

मेळघाट हे नाव १९९३ मध्ये बालमृत्यूंमुळे देशभर पेपरात आलं. त्याच्या काही वर्षं आधीच डॉ. रवींद्र कोल्हे धारणी तालुक्यातल्या बैरागडला जाऊन राहिले होते, पुढे डॉ. स्मिता कोल्हेही. एस.टी. सोडल्यावर त्यांना मैलोन्‌मैल चालत जावं लागायचं. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्याच धारणीच्या रस्त्यावरच्या हरिसालला २०१६ मध्ये सरकार आणि मायक्रोसॉफ्टने 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आणलं, आणि २०१९ च्या निवडणुकीत त्या डिजिटलमधलं खरं किती यावर जोरदार राजकारण झालं. आपल्या धंद्यातल्या लोकांनी हरिसालला चहा प्यायला जरूर थांबावं. वायफायचा मनोरा उभा करणं आणि तो रोज चालू ठेवणं यातला फरक आपल्याला दुसरं कोण शिकवणार?

चुकीचा पत्ता

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर एक पक्षी. रानपिंगळा हे छोटं घुबड १८७३ मध्ये ॲलन ह्यूमने (काँग्रेसच्या स्थापनेतला तोच) नोंदवलं. शेवटचा खरा नमुना १८८४ चा, खानदेशातला. पण रिचर्ड मायनर्त्सहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये आपण हा पक्षी गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं लेबल लावून एक नमुना ठेवला होता. पुढे शोधणारे त्या पत्त्यावर शोधत राहिले, पक्षी मिळाला नाही, नामशेष झाला असं वाटायला लागलं. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला होता आणि पत्ता थापेचा होता. त्यांनी तो पत्ता यादीतून काढला, उरलेल्या खऱ्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला. नंतर तो मेळघाटातही आढळला. ११३ वर्षांची चुकामूक, आणि त्यातली बरीचशी एका खोट्या लेबलमुळे!

तर, कसं जायचं?

अडीच-तीन दिवस काढा. पहिल्या दिवशी अमरावती-परतवाडा-चिखलदरा आणि दुपारनंतर गाविलगड, निवांत. दुसऱ्या दिवशी सेमाडोह आणि कोलकास, सिपनेच्या काठी मुक्काम मिळाला तर नशीब. तिसऱ्या दिवशी हरिसाल-धारणी, किंवा उलट दिशेने अकोटला उतरून शहानूर आणि नरनाळा किल्ला. नरनाळ्याची नऊगजी तोफ आणि महाकाली दरवाजा चुकवू नका. पावसाळ्यात गाभ्यातल्या सफारी साधारण बंद असतात, निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. पेट्रोल परतवाड्यात भरा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका, रात्री घाटात गाडी चालवू नका. वाघ दिसेलच अशी अपेक्षा ठेवू नका. ताडोबासारखं इथे नाही, जंगल मोठं आणि दाट आहे.

होळीच्या दिवसांत गेलात तर रस्त्यात दोर आडवा धरून कोरकू पोरं-बाया गाडी अडवतील आणि फगवा मागतील. तो त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे. काच वर करून हॉर्न वाजवू नका. तो रस्ता तोफांसाठी, सागासाठी, साहेबासाठी आणि आता आपल्यासाठी झाला, त्यांच्यासाठी असा कुणी फारसा केलाच नाही. वर्षातून चार दिवस ते त्याच्यावर टोल घेतात. द्या.